ॲपलॅचियाचा जॅक म्हणजे आपलाच जग्या (लोककथा, फसवाफसवी आणि अदलाबदली)

डोंगरवेडी (नॉक्सव्हिल, टेनेसी)

मंडळी, धाग्याचं निमित्त आधी सांगते. परवा मुलाच्या बाईंचा शाळेतून फोन आला. चिडलेल्या नव्हत्या, उलट हसू दाबून बोलत होत्या. आमच्या आठ वर्षांच्या चिरंजीवांनी मधल्या सुट्टीत तुटका खडू देऊन खोडरबर घेतला, खोडरबर देऊन चेंडू, चेंडू देऊन कुणाची तरी टोपी, आणि ती टोपी देऊन एक जिवंत कासव. कासव दप्तरात घालून स्वारी गणिताच्या तासाला बसली. "हे घरी शिकवता का तुम्ही?" बाईंनी विचारलं. म्हटलं, मी नाही हो, जॅकने शिकवलंय.

तर हा जॅक कोण? नमनाला घडाभर तेल जाणार आहे, चहा घेऊन बसा.

आम्ही राहतो तो ॲपलॅचियन डोंगरांचा मुलूख. टेनेसीचा पूर्वेकडचा तुकडा, नॉर्थ कॅरोलायनाचा पश्चिमेकडचा, केंटकी आणि व्हर्जिनियाचे डोंगरी भाग, अख्खं वेस्ट व्हर्जिनिया. बाहेरचे लोक 'ॲपलेशिया' म्हणतात. इथल्या माणसासमोर तसं म्हणालात तर तो जागच्या जागी दुरुस्ती करतो, 'ॲपलॅचा'. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला चक्क 'आपलाच' ऐकू आलं होतं. शेजारच्या आजोबांना त्याचा अर्थ सांगितला तर इतके खूश झाले की परसातले टोमॅटो आणून दिले.

अठराव्या शतकात उत्तर आयर्लंडहून आलेले स्कॉट-आयरिश, शिवाय इंग्रज, जर्मन अशी माणसं या दऱ्याखोऱ्यांत वसली. गोष्टीही त्यांच्याबरोबर आल्या. घेवड्याच्या वेलावर चढणारा जॅक आपल्याला शाळेत भेटतो, तोच इथे येऊन पक्का डोंगरी झाला. घरात धाकटा, खिशाने फाटका, जरासा आळशी. विल आणि टॉम हे थोरले भाऊ त्याला कायम पाण्यात पाहणारे. आणि इथला राजा म्हणजे तर बघण्यासारखी चीज. जॅक फाटकापाशी उभा राहून "अहो, आहे का कुणी घरात?" अशी हाळी देतो आणि राजा स्वतः ओसरीवर येतो! भालदार नाही, चोपदार नाही. एकदा तर मला वाटलं आता राजा विचारणार, पाऊसपाणी काय म्हणतंय तुमच्याकडे.

आमच्यापासून दीड-पावणेदोन तासांवर जोन्सबरो आहे. १७७९ साली वसलेलं, टेनेसीतलं सगळ्यात जुनं गाव. तिथे दर ऑक्टोबरात कथाकथनाचा मोठा उत्सव भरतो. १९७३ साली जिमी नील स्मिथ या शाळामास्तरांनी कोर्टासमोरच्या चौकात गाडी उभी करून तिच्यावरून गोष्टी सांगायला लोक बोलावले, तिथून सुरुवात. आता मोठमोठे तंबू लागतात आणि खुर्चीसाठी लवकर जावं लागतं. दोन वर्षांपूर्वी तिथे आम्ही 'कालवडीचं कातडं' ऐकली. ऐकली तशी सांगते.

बापाने भावांना घोडे दिले, जॅकला एक मरतुकडी कालवड. भावांना तेही बघवेना. त्यांनी झाड तोडताना मुद्दाम तिच्या अंगावर पाडलं. कालवड मेली. जॅक रडला, मग उठला, कातडं सोललं, वाळवलं, पुन्हा शिवलं, आत मक्याच्या कणसांची वाळकी पानं कोंबली आणि शेपटी धरून ते धूड ओढत निघाला. रस्त्याने नुसती खुळखुळ. रात्री एका घरी उतारा मागितला. बाईने नाखुशीने माळ्यावर झोपायला सांगितलं. माळ्याच्या फटीतून जॅक बघतो तर खाली मेजवानी! भाजलेली कोंबडी, केक, बाटली आणि एक गुलगुलीत पाहुणा. (तंबूत मुलं होती म्हणून तो 'गोड खायला आलेला शेजारी' होता. मोठे आपापलं समजून हसत होते.) तेवढ्यात नवऱ्याच्या घोड्याच्या टापा. पाहुणा पेटीत, मेजवानी कपाटात.

नवरा भला माणूस. त्याने जॅकला खाली जेवायला बोलावलं. समोर काय, तर गारढोण मक्याची भाकरी. जॅकने टेबलाखाली पायाने कातडं दाबलं, कर्रर्र. "गप बस," जॅक त्याच्यावर खेकसला. नवरा म्हणाला, काय आहे ते? "काही नाही हो, उगाच बडबडतंय. त्याला सगळं कळतं, पण कुठे काय बोलावं ते कळत नाही." काय म्हणतंय पण? "जाऊ द्या हो, तुमच्या घरात तुम्हालाच सांगायचं म्हणजे..." असं तीनदा. मग कपाटातली कोंबडी निघाली, केक निघाला, बाटली निघाली, आणि नवरा कातड्याच्या प्रेमातच पडला. विकतोस का? जॅक म्हणाला, छे. नवऱ्याने आकडा वाढवला. जॅक म्हणाला, छे छे, मग मला खरं कोण सांगणार? शेवटी नवऱ्याने गिन्यांची थैली त्याच्यासमोर ओतली. हो, गिन्या! अमेरिकेच्या डोंगरात डॉलर नाहीत, गोष्टीत अजून गिन्याच चालतात.

हा जो 'छे' आहे ना, तो सांगणाऱ्या बाईंनी इतका ताणला की माझ्या शेजारी बसलेला एक टोपीवाला शेतकरी मोठ्याने म्हणाला, "घेऊन टाक रे बाबा, परत नाही मिळणार." तंबू कोसळायचा बाकी होता.

पुढे ठराविक आहे. भावांना वाटतं कातड्याला भाव आलाय, ते आपले चांगले घोडे मारून कातडी विकायला नेतात आणि माश्या घोंगावत, गावाच्या शिव्या खात परत येतात. मग चिडून जॅकला पोत्यात घालून नदीवर नेतात. तिथे जॅक एका म्हाताऱ्या मेंढपाळाला पटवतो की हे पोतं थेट स्वर्गात जाणार आहे. म्हातारा पोत्यात, जॅक मेंढरं घेऊन घरी. भाऊ विचारतात, मेंढरं कुठली? नदीच्या तळाची! मग तेही पोत्यात.

माझा मुलगा यातलं एकच शिकला: आधी 'छे' म्हणायचं.

तुमच्याकडे अशा अदलाबदलीच्या, फसवाफसवीच्या कुठल्या गोष्टी होत्या? आणि मुलांना सांगता का?

चहाबाज

रुमाल टाकून ठेवतो. सविस्तर नंतर. पण कासवाचं काय झालं ते आधी सांगा.

खडूफळा (सातारा)

लिहिलंय छान, पण स्पष्ट बोलते, राग मानू नका. वीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवतेय. ही असली गोष्ट वर्गात सांगितली की दुसऱ्या दिवशी पाच तक्रारी येतात. 'बाई, याने माझं कंपासपेटीतलं टोकयंत्र फुटक्या गोटीवर घेतलं.' मुलं मथितार्थ घेत नाहीत, युक्ती घेतात. आणि जॅक काय, खोटंच बोलतो की सरळसरळ. बोलणारं कातडं! आपल्याकडे निदान ससा सिंहाला विहिरीत पाडतो तो जिवावर बेतलं म्हणून. या जॅकला कोणाची भीती होती? रात्री गप झोपला असता.

डोंगरवेडी

राग कसला, मलाही आधी हेच वाटलं होतं. पण एक बघा. जॅक कातडं विकायला काढतच नाही. घेणारा मागे लागतो. लबाडी त्याची आहेच, पण गळाला लागतो तो ज्याला फुकटचं, घरबसल्या सगळं कळायला हवंय तो. आणि भाऊ तर केवळ हावेपोटी जातात.

दुसरं म्हणजे सगळ्या जॅककथांत तो ठकच असतो असंही नाही. 'वायव्येचा वारा' ऐका. घराच्या भिंतीला फटी, थंडीने हाडं कडकडतात, म्हणून जॅक वारा येतो तिथलं भोकच बुजवायला निघतो. (ही कल्पनाच मला फार आवडते. हा मुलगा बावळट का शहाणा, शेवटपर्यंत ठरवता येत नाही.) वाटेत एक म्हातारा भेटतो. म्हणतो, बाबा, वाऱ्याचं भोक बुजत नसतं, त्यापेक्षा हे घेऊन घरी जा. आणि जेवण वाढणारं मेजावरचं कापड देतो. जाताना जॅक ज्यांच्याकडे उतरतो ती टवाळ पोरं रात्रीत कापड बदलतात. दुसऱ्यांदा सोन्याची अंडी देणारी कोंबडी, तीही बदलतात. तिसऱ्यांदा म्हातारा सोटा देतो. त्याला हुकूम केला की तो समोरच्याला बडवत सुटतो. पोरं सोटाही बदलायला जातात आणि पुढचं तुम्हाला कळलंच असेल. इथे फसतो जॅक, पोरं ठक. अदलाबदल दोन्हीकडून होते हो.

अवांतर: कासव परसात आहे. लेट्यूस खातंय.

बैलबाजार (सांगली जिल्हा)

वाचून मजा आली ताई. आमचे आजोबा बैलांचे हेडी. बाजारात दोघे समोरासमोर बसायचे, मध्ये धोतराचा सोगा नाहीतर पटका टाकायचा आणि त्याच्याखाली बोटं धरून भाव. वर तोंडानं 'काय पाऊस औंदा' असल्या गप्पा. बघणाऱ्याला घंटा कळायचं नाही. आजोबा सांगायचे, ज्याला बैल विकायचाय त्यानं बैलाकडं बघायचंच नाही, दुसरीकडं तंबाखू मळत बसायचं. तुमच्या जॅकचा 'छे' म्हंजे तीच तंबाखू.

तिकडं असा बाजार भरतो का?

डोंगरवेडी

भरतो! केंटकीत, डोंगर सुरू होतात तिथे माउंट स्टर्लिंग नावाचं गाव आहे. पूर्वी महिन्यातून एकदा जिल्ह्याचं कोर्ट बसायचं, त्या दिवशी साऱ्या खोऱ्यांतली माणसं कज्जे घेऊन यायची आणि येताना घोडी, खेचरं, शिकारी कुत्री, बंदुका, सुऱ्या, जे बदलायचं असेल ते घेऊन यायची. 'कोर्टाचा दिवस' हे त्या बाजाराचं नावच पडलं. कोर्टाची ती पद्धत गेली, बाजार अजून ऑक्टोबरात भरतो. घोड्यांची अदलाबदल करणारे तिथले पट्टीचे लोक म्हणजे तुमच्या आजोबांचे भाऊबंद. घोडं आंधळं असलं तर सरळ खोटं बोलायचं नाही, पण सांगायचंही नाही. 'दिसायला तेवढं बरं नाही' म्हणायचं. घेणाऱ्याला वाटतं रूपाबद्दल बोलतोय!

आणि एक शब्द सांगते, तो मला शेजारच्या आजोबांनी शिकवला. माझं खेचर तुझ्या घोड्यापेक्षा चांगलं असेल तर फरकापोटी जे वरचं द्यायचं त्याला तिकडे 'बूट' म्हणतात. "बूट किती देतोस?" मी बावळटासारखी आजोबांच्या पायांकडे बघत बसले होते.

बैलबाजार

हाहाहा. आमच्याकडं त्याला सरळ 'वर' म्हणतात. 'बैल घे, पण वर काय देतोस?' त्याच्यावरच सगळी रात्र जायची.

चहाबाज

बाटानं तिकडे दुकान काढलं तर काय गोंधळ होईल.

जुनीपानी

उशिरा आलो, पण कालवडीच्या गोष्टीवर लिहिल्याशिवाय राहवत नाही. ही गोष्ट फार फिरलेली आहे. लोककथांच्या आर्ने-थॉम्पसन-उथर वर्गीकरणात तिचा क्रमांक १५३५. डेन्मार्कच्या हान्स ख्रिश्चन अँडरसनने १८३५ साली लहान क्लाउस आणि मोठा क्लाउस यांची गोष्ट छापली ती हीच. पोतं, नदी, गुरं, सगळं तेच. त्याहून मागे गेलं तर साधारण अकराव्या शतकातलं एक लॅटिन काव्य आहे, त्यातल्या गरीब शेतकऱ्याला गाव 'उनिबोस' म्हणून चिडवतं. उनिबोस म्हणजे एक बैलवाला. मराठीत त्याला 'एकबैल्या' म्हणायला हरकत नाही. एकच बैल, तोही मरतो, आणि कातडं घेऊन बाजाराला निघतो. भारतातही या साच्याच्या कथा नोंदल्या गेल्या आहेत, त्यामुळे जॅक 'आपलाच' हे शीर्षक नुसतं शब्दाच्या खेळापुरतं नाही.

आता थोडं सांगणाऱ्यांविषयी, कारण धाग्यात त्यांचा उल्लेख आला नाही. नॉर्थ कॅरोलायनातल्या बीच माउंटनवर हिक्स आणि हार्मन अशी घराणी, एकमेकांत सोयरिकी झालेली. कौन्सिल हार्मन नावाचा म्हातारा हा या गोष्टींचा मोठा झरा. त्याची नात जेन हिक्स जेंट्री. १९१६ साली सेसिल शार्प हा इंग्रज गाणी गोळा करत डोंगरात आला तेव्हा या एकट्या बाईने त्याला साठाहून जास्त गाणी दिली. १९२३ मध्ये इझाबेल गॉर्डन कार्टर यांनी तिच्याकडून जॅकच्या गोष्टी उतरवून घेतल्या, त्या १९२५ मध्ये छापल्या गेल्या. पण जगभर नाव झालं ते रिचर्ड चेस यांच्या १९४३ च्या संग्रहामुळे. चेसने वेगवेगळ्या तोंडांतल्या गोष्टी एकत्र शिवून एकेक सलग गोष्ट केली. वाचायला झकास, पण कुठला तुकडा कोणाचा हे त्यात विरघळून गेलं. याबद्दल त्याच्यावर पुढे बरीच टीका झाली आणि ती मला रास्त वाटते. एका कातड्यावर दुसऱ्याची शिवण!

आपल्याकडचं उदाहरण याच्या उलट आहे. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रीअर यांच्या मुलीने, मेरीने, दख्खनच्या दौऱ्यात आपल्या आयेकडून, आना लिबेराता डिसूझा यांच्याकडून गोष्टी ऐकल्या आणि १८६८ साली छापल्या. पुस्तकाच्या सुरुवातीलाच आनाबाईंची स्वतःची हकिगत दिली आहे, त्यांच्या आजीसकट. साहेबाच्या मुलीने निदान सांगणारीला खुर्ची दिली.

डोंगरवेडी

जुनीपानी, क्या बात! एकबैल्या आजपासून आमच्या घरात चालू.

रे हिक्स यांच्याबद्दल मीच लिहायचं विसरले. त्याच घराण्यातले, बीच माउंटनवरच राहिलेले, साडेसहा फुटांच्या वर उंची, अंगात बिब असलेली शेतकऱ्याची पँट. जोन्सबरोच्या उत्सवाचा कणा म्हणावा असा माणूस. १९८३ साली सरकारी राष्ट्रीय वारसा सन्मान मिळाला, २००३ मध्ये गेले. मला प्रत्यक्ष ऐकायला मिळाले नाहीत, ध्वनिमुद्रणं ऐकलीत. पहिली दहा मिनिटं एक अक्षर कळलं नाही, मग कान बसला. ते जॅकविषयी असं बोलतात की जणू परवाच खिंडीत भेटला होता. मध्येच गोष्ट सोडून कुठल्या झाडाची मुळी कशावर चालते ते सांगतात, मग परत जॅक. आमच्या आजोळची चुलीपुढची गोष्ट अशीच असायची, मध्येच 'अगं दूध उतू गेलं बघ'.

वऱ्हाडी_ठसका

आता माह्या आजीची ऐका. उंदराच्या शेपटीत रुतला काटा. गेला न्हाव्याकडे. न्हाव्यानं वस्तऱ्यानं काटा काढता काढता शेपटीच कापली. उंदीर म्हणे, शेपूट दे नाहीतर वस्तरा दे. वस्तरा घेऊन निघाला. पुढं बुरूड दातानं बांबू सोलून राहिला. 'काऊन रे दात पाडतं, घे वस्तरा.' वस्तरा मोडला. उंदीर म्हणे, वस्तरा दे नाहीतर टोपली दे. पुढं गवळी धोतराच्या सोग्यात वैरण घेऊन गाईले चारून राहिला. 'घे टोपली.' गाईनं वैरणीसंग टोपलीबी खाल्ली. टोपली दे नाहीतर गाय दे! गाय गेली वरातीच्या जेवणावळीच्या दुधात, अन् तिथून आला ढोल. मंग उंदीर झाडावर बसून ढोल बडवते:

शेपूट गेलं, वस्तरा आला,
वस्तरा गेला, टोपली आली,
टोपली गेली, गाय आली,
गाय गेली, ढोल आला,
ढुम ढुम ढुमाक!

आजी शेवटच्या ढुमाकले आमच्या पाठीवर थाप मारे. लय जोरात.

ताई, तुमच्या पोराचं खडू ते कासव हेच आहे ना बाप्पा.

डोंगरवेडी

अगदी हेच! आणि इकडे त्याचं उलटं गाणं आहे, अदलाबदलीचं. पोरगा घोड्यापासून सुरू करतो आणि प्रत्येक सौद्यात खाली खाली येतो. गाय, वासरू, डुक्कर, कोंबडी असं करत शेवटी हातात चिचुंद्री, नाहीतर घूस म्हणा, आणि तीही थेट बिळात पळते. आपला उंदीर वर चढतो, यांचा पोरगा खाली घसरतो. आमच्याकडे गाडीत दोन्ही एकापाठोपाठ चालतात.

पिंपळपान

मला एक गोष्ट खुपते आणि इथे कोणीच बोललेलं नाही. डोंगरवेडी म्हणतात, फसतो तो हावरट. नवरा ठीक, भाऊ ठीक. पण मेंढपाळाचं काय? म्हातारा माणूस, आयुष्यभर मेंढरांमागे फिरलेला, त्याला स्वर्गात जायचंय. ही हाव आहे? त्याला जॅक बुडवतो आणि मेंढरं घेऊन घरी जातो, आणि आपण हसतो. माझ्या मुलीने ही गोष्ट ऐकली असती तर तिचा पहिला प्रश्न तोच असता.

खडूफळा

हेच म्हणत होते मी. +१.

जुनीपानी

पिंपळपान, मुद्दा बिनतोड आहे. जुन्या रूपांतही हा म्हातारा, कधी गुराखी, असाच जातो. अँडरसनच्या गोष्टीतही. मला वाटतं ऐकणाऱ्यांना पोत्यातला माणूस दिसायचाच नाही, त्यांना फक्त मेंढरं दिसायची. भुकेल्या माणसांच्या गोष्टी आहेत या.

डोंगरवेडी

पिंपळपान, खरं सांगू? तंबूत त्या जागी सांगणाऱ्या बाई एकदम वेगात गेल्या. दोन वाक्यांत म्हातारा पोत्यात आणि जॅक रस्त्यावर. तेव्हा लक्षात आलं नाही, घरी येऊन मराठीत सांगायला बसले तेव्हा अडले. मुलगा म्हणाला, "आजोबा मेले?" मी म्हटलं, थांब, पाणी पिऊन येते. स्वयंपाकघरात उभं राहून विचार केला आणि आल्यावर सांगितलं की आजोबांनी पोत्यात दगड भरले आणि तेही झाडामागे लपून हसत बसले, आणि जॅकने त्यांना मेंढरांचं 'वर' म्हणून गिन्यांची थैली दिली. जमलं का ते माहीत नाही. मुलगा म्हणाला, मग जॅकला परवडलं का?

चेसला नावं ठेवता ठेवता मीही शिवण मारलीच.

नाशिककर_मामा

मेंढपाळावरून वातावरण गंभीर झालंय, एक हलकी देतो. सैतानाशी निम्म्या बटईने शेती करायची गोष्ट इकडच्या मुलांच्या पुस्तकातही कुठे कुठे दिसते, तुमच्या डोंगरातही सांगतात असं ऐकलंय. पहिल्या साली सैतान म्हणतो, जमिनीच्या वरचं माझं. शेतकरी बटाटे लावतो. दुसऱ्या साली चिडून म्हणतो, खालचं माझं. शेतकरी मका लावतो. मी नातवंडांना सांगताना सैतानाचा व्यापारी केला आहे आणि बटाट्याचा कांदा. वरची पात व्यापाऱ्याला, खाली कांदा आपला. नातू निफाडचा, त्याने लगेच विचारलं, "आबा, पण कांद्याला भाव नसला तर?" गोष्ट तिथेच संपली.

चहाबाज

मामा, हे वाक्य फ्रेम करून लावतो.

सायली_ताम्हणकर_नव्हे (शार्लट)

मी डोंगराच्या पायथ्याशीच राहते, दोन पैसे माझेही. लहानांसाठी जॅक ठीक, पण बायकांच्या गोष्टी सोडू नका. एक नवरा काटकसरी. पैशाच्या पुरचुंड्या बांधतो आणि बायकोला बजावतो, ही आताच्या गरजेला, ही पुढेमागे लागतील म्हणून, आणि ही हलाखीसाठी. तो बाहेर गेल्यावर दाराशी एक भामटा येतो. बाई विचारते, नाव काय हो तुमचं? तो म्हणतो, हलाखी. बाई म्हणते, अगबाई, तुमचीच वाट बघत होते, घ्या तुमची पुरचुंडी!

मराठीत मी त्याला 'अडीनडी' नाव दिलंय. "मी अडीनडी, पाटलीणबाई." सासूबाई इतक्या हसल्या की कवळी काढून ठेवावी लागली.

दुसरी, दोन म्हाताऱ्यांची पैज. कोणाचा नवरा जास्त मूर्ख? एक रिकाम्या चरख्यावर कातते, रिकाम्या मागावर विणते आणि नवऱ्याला न दिसणारा सूट शिवते. दुसरी आपल्या नवऱ्याला रोज सांगते, तुमचा चेहरा उतरलाय, तुम्ही काही वाचत नाही, शेवटी तोच मान्य करतो की आपण मेलो आणि पेटीत जाऊन आडवा होतो. सूटवाले गृहस्थ त्याच अंत्यविधीला येतात. मयताला हसू आवरत नाही.

खडूफळा

ही दुसरी स्नेहसंमेलनाला चालेल, शिक्षकांच्या. मुलांच्या नाही.

बरं, एक कबूल करते. कालवडीची गोष्ट काल तिसरीच्या वर्गात सांगितली. म्हातारा वगळून. बोलणारं कातडं म्हणून माझी जुनी चामडी पर्स घेतली. कर्रर्र आवाज छान येतो. आज डब्याच्या सुट्टीत दोन मुलांनी पर्सला विचारलं, बाई, उद्या परीक्षा आहे का?

बैलबाजार

बाई, पर्स विकायची झाली तर आधी 'छे' म्हणा.

पिंपळपान

डोंगरवेडी, झाडामागे हसणारे आजोबा मला चालतील. मुलीला तसंच सांगितलं. तिने विचारलं की भावांना कोणी बाहेर काढलं. मी अजून उत्तर दिलेलं नाही.

चहाबाज

कासव!! पुन्हा विचारतोय.

डोंगरवेडी

सांगते, सांगते. टोपीवाल्या मुलाच्या आईचा फोन आला, टोपी आजोबांनी दिलेली होती, परत हवी. टोपी होती कासववाल्याकडे. तो म्हणाला, देतो, पण माझं कासव आणा. परसात जाऊन बघतो तर कुंपणाखाली भोक आणि कासव पसार. मी मुलाला म्हटलं, आता सगळ्यांची माफी मागायची. तो म्हणाला, बरं, आणि टॉर्च घेऊन शेजारच्या आजोबांकडे गेला.

सकाळी दप्तरात कासव. मी विचारलं, हे तेच का? तर म्हणे, "आजोबा म्हणाले, कासवाला विचार."

टोपी संध्याकाळी मूळ मालकाकडे पोचली. आमच्याकडे चेंडू परत आला, आणि वर दोन पेन्सिली. कशाच्या वर, ते विचारलं तर उत्तर आलं, "छे."